आईच्या बाजूचं दार

ट्रकच्या पुढच्या काचेभोवतीचं रबर मी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं आणि आतून जे बाहेर आलं ते बघून तोंडावर ओढणी धरली.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लोक सकाळी सकाळी डब्या घेऊन येतात, त्यांत काय असतं ते सांगायला नको. ते सगळं हाताळून मी दुपारी शांतपणे पोळी-भाजी खाते. पण त्या खाचेतला काळा-तांबडा चिखल मला बघवेना. उदबत्तीची राख, हळद-कुंकू, सडलेला झेंडू, तेल आणि त्या सगळ्यात झुरळांची अंडी. बाबा रोज सकाळी गाडी काढण्याआधी काचेच्या रबरात उदबत्ती खोचायचे. दसऱ्याला बॉनेटवर नारळ फोडून त्याचं पाणी काचेवर ओतायचे. वर्षानुवर्षांची ती भक्ती त्या खाचेत साठून राहिली, तिने पाणी धरून ठेवलं आणि काचेखालचा पत्रा खाऊन टाकला. बोट लावलं तर पापडासारखा तुकडा पडला.

"ताई, ते फेकू नको हां," माझा भाऊ म्हणाला. "बाबांच्या हातचं कुंकू आहे ते."

"मग कपाळाला लाव," मी म्हणाले.

तो माझ्याहून धाकटा आहे, अंधेरीला कॉम्प्युटरवर बसून काम करतो आणि बाबा गेल्यापासून त्याच्या डोक्यात या ट्रकचं भूत शिरलंय. आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला तेव्हा सोसायटीने सांगितलं की हे धूड इथे चालणार नाही. भावाने ते ओढून दहिसरच्या नदीकाठी एका पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवलं. नदी म्हणायचं आपलं. तिचा वास शेडमध्ये येऊन बसलेलाच असायचा. दर रविवारी आम्ही दोघं तिथे. तो प्रेमापोटी जायचा. मी का जायचे, ते सांगते.

ट्रक जुन्या पद्धतीचा, पुढे लांब नाक असलेला. बाबा त्यातून चारा आणायचे. वसईपलीकडून पेंढा आणि हिरवं गवत भरायचं आणि आरे कॉलनीतल्या गोठ्यांवर उतरवायचं. परत येताना कुणाला शेणखत हवं असेल तर ते. त्यामुळे आमच्या घरात, आमच्या कपड्यांत, माझ्या शाळेच्या दप्तरातसुद्धा तो वास असायचा. शाळेत माझ्या शेजारची मुलगी बाक बदलून बसली होती. हे मी कुणाला सांगितलं तर लोक हसतात आणि म्हणतात, वा, किती छान, मातीशी नातं. त्यांना एकदा त्या ट्रकच्या दाराच्या पोकळीत हात घालायला लावला पाहिजे.

बाबांकडे क्लीनर नव्हता. म्हणजे होता, पण तो पगारी नव्हता. ती माझी आई होती. लग्न होऊन कोकणातून आली आणि दुसऱ्याच महिन्यात ट्रकच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. मागे घेताना दारावर थाप मारून बाबांना सांगायचं. दोन थापा म्हणजे चल, एक थाप म्हणजे थांब. चाकाखाली दगड लावायचे, गवताच्या पेंढ्या मोजून घ्यायच्या, पाना-स्क्रू-ड्रायव्हर हातात द्यायचे. आम्ही झालो तेव्हा आम्हाला मांडीवर घेऊन तेच.

आणि तिच्या बाजूचं दार लागायचं नाही.

दाराची जीभ आणि चौकटीतली खाच यांची गाठच पडत नव्हती. दार ढकललं की मागच्या बाजूने वर तरंगायचं आणि बोटभर उघडंच राहायचं. त्यावर बाबांचा उपाय म्हणजे काथ्याची दोरी. एक टोक दाराच्या आतल्या मुठीला बांधलेलं, दुसरं आईच्या डाव्या मनगटाला वेढे देऊन. ट्रक उजवीकडे वळला की दार बाहेर झुकायचं, दोरी ताणली जायची आणि आई ओठ घट्ट मिटून दार आत ओढायची. मी तिच्या मांडीवर बसून त्या फटीतून खाली पळणारा रस्ता बघायचे. मला त्यात मजा वाटायची. 

त्याच बाजूला वर काचेच्या कोपऱ्यातही फट होती. तिथे बाबांनी चिंध्या आणि धुण्याचा साबण कोंबून ठेवलेला. पाऊस लागला की त्याचा फेस आईच्या खांद्यावर ठिबकायचा. ती प्लॅस्टिकची पिशवी पांघरून बसायची.

"केबिनच तिरकी आहे," बाबा सांगायचे. "ते दार नाही लागायचं. त्याचं रबर यायचं बंद झालं."

हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा म्हटलं गेलं की आम्हा मुलांनाही पाठ झालं होतं. कुणी विचारलं, तुमच्या गाडीचं दार असं का, की आम्हीच सांगायचो, रबर यायचं बंद झालं. बाबांच्या बाजूचं दार मात्र झकास लागायचं. ते एका बोटाने ढकलून दाखवायचे. खट्. "ह्या गाडीला माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही," असं वर. गोठेवाले माना डोलवायचे.

आईचा डावा हात आता खांद्याच्या वर जात नाही. वेणी तिला भावाची बायको घालून देते. डॉक्टर म्हणाले, सांधा झिजलाय. आम्ही म्हणायचो, वात आहे.

बाबांच्या वर्षश्राद्धाला ट्रक रस्त्यावर आणायचा, आईला शेजारी बसवायचं आणि आरेच्या रस्त्याने, बाबांच्या रोजच्या वाटेने एक फेरी मारायची, असं भावाच्या मनात होतं. त्याने आईला सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. आई लसूण सोलत होती. हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली.

मग म्हणाली, "माझ्या बाजूचा दार लागला तर बसतंय. दोरी धरून आता जमूचा नाय."

भाऊ हसला, म्हणाला, अगं नवी कोरी करून देतो तुला. मला हसू आलं नाही. आईने आयुष्यात कशासाठी अट घातलेली मी पाहिली नव्हती. ही पहिली, आणि तीही एवढीशी. म्हणून मी दर रविवारी नाकाला रुमाल बांधून त्या शेडमध्ये जात होते. मला ट्रकशी देणंघेणं नव्हतं. मला ते एक दार लागलेलं बघायचं होतं.

भावाने एक डेंटर धरून आणला होता. पत्रा ठोकून सरळ करणारा. तोंडात सदैव गुटखा, आणि थुंकायला त्याला नेमकी माझ्याजवळची भिंत लागायची. त्याने दाराची फट बोटाने मापली, वरून खालपर्यंत बघितली आणि म्हणाला, "एकदम सोपं आहे, शेठ. टेन्शन नाय घ्यायचं."

मग त्याने दार आणि चौकट यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा घातला आणि दार लाथेने दाबून वाकवलं. बिजागऱ्या करकरल्या. वरची फट कमी झाली, खालची वाढली. खालच्या फटीत त्याने लांबी भरायला घेतली. लांबी म्हणजे तो राखाडी लगदा, जो रंगाच्या आधी खड्डे बुजवायला लावतात. भरतोय भरतोय, घासतोय, पुन्हा भरतोय.

"एवढी जाड?" मी विचारलं.

"ताई, रंग मारल्यावर तुम्हाला पण कळणार नाय."

"मला कळायला नकोय. दार लागायला हवंय."

"लागेल ना यार, लागेल," भाऊ मध्येच म्हणाला.

पुढच्या रविवारी गेले तर दार रंगवून तयार. चारी बाजूंनी फट अशी सारखी की फूटपट्टीने आखल्यासारखी. भावाने फोटो काढून त्याच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर टाकले होते आणि जगभरातल्या रिकामटेकड्यांनी अंगठे दाखवले होते. मी दार उघडून ढकललं. लागलं, पण ढकलताना मला खांदा लावावा लागला.

शेडमधून रस्त्यावर यायला एक छोटासा उतार आहे. भावाने ट्रक सुरू केला आणि उतारावर घेतला. पुढचं चाक खाली उतरलं, केबिन हलली आणि आईच्या बाजूचं दार धाडकन उघडलं. लांबीचे ढलपे सुटून रस्त्यावर पडले, शिळ्या भाकरीचे तुकडे पडावेत तसे. आत तोच गंजका पत्रा, तीच बोटभर फट.

डेंटर म्हणाला, "अजून एक हात मारू."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला किळस आली ती नुसती त्या थुंकणाऱ्या माणसाची नाही. भावाचीही आली. त्या उघड्या दारात आई बसलेली असती, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तो खाली वाकून पडलेल्या रंगाचा तुकडा उचलून बघत होता. "वाट लागली रे," एवढंच म्हणत होता.

"आता सगळं खरवडायचं," मी म्हणाले. "तळापासून. आणि मी सांगेपर्यंत कुणी लांबीला हात लावायचा नाही."

मग खरी घाण सुरू झाली. दाराचं आतलं कव्हर काढलं. पोकळीत पेंढा कुजून त्याची काळी लापशी झाली होती, त्यात उंदराचा सांगाडा, शेपटीसकट. बाबांच्या बाजूच्या दारात आतून तंबाखूच्या पिचकाऱ्यांचे थरावर थर. माणूस काचेची पूजा करायचा आणि दारात थुंकायचा. काचेच्या कोपऱ्यातला साबण निघाला तो दगड होऊन, त्यात केस अडकलेले. मी सगळं खरवडून बादलीत टाकत गेले. भाऊ मधून मधून म्हणायचा, "आपल्या बाबांची मेहनत आहे गं ताई ही." मी म्हणायचे, "हो. वास येतोय."

केबिन वर उचलायची तर तिच्याखालचं शेण आधी काढायला हवं होतं. वर्षानुवर्षांचं साचून सिमेंट झालेलं. डेंटर म्हणाला, आपण शेणाला हात नाय लावत. भावाची पाठ धरली होती. राहिले मी. पन्नाशीची बाई, लॅबमधले हातमोजे घालून, पुठ्ठ्यावर आडवी होऊन ट्रकखाली शिरले.

केबिन चार कोपऱ्यांवर बसलेली असते. प्रत्येक कोपऱ्याखाली एक तळहाताएवढं जाड रबर, म्हणजे लोखंडावर लोखंड आपटत नाही आणि केबिन सपाट राहते. एवढं मला डेंटरने आधी सांगितलं होतं. मी शेण खरवडत डावीकडच्या मागच्या कोपऱ्यापाशी आले, म्हणजे आईच्या सीटच्या खाली. तिथे रबर नव्हतं. लोखंडावर लोखंड टेकलेलं, मध्ये टायरच्या ट्यूबची एक घडी कोंबलेली. म्हणून तो कोपरा खाली बसला होता, म्हणून चौकट तिरकी, म्हणून दार लागत नव्हतं आणि वर काचेलाही फट पडली होती. सगळ्याचं कारण तेवढं एक होतं.

मला बरं वाटलं. रबर झिजून पडलं असेल, असं म्हणत मी उजवीकडे सरकले. बाबांच्या सीटखालचा कोपरा साफ केला.

तिथे दोन रबरं होती. एकावर एक. खालचं झिजून चपटं झालेलं, वरचं चांगलं. दोन्ही मावावीत म्हणून बोल्टही लांब घातलेला.

मी तिथेच पडून राहिले. वरून शेणाचा भुगा तोंडावर पडत होता आणि मला तो झटकायचंही सुचलं नाही. स्वतःच्या बाजूचं झिजलं तेव्हा बाबांनी आईच्या बाजूचं काढून स्वतःच्या बाजूला घातलं. म्हणून त्यांचं दार एका बोटाने लागायचं. त्या सगळ्या घाणीत, उंदराच्या सांगाड्यासमोर, पिचकाऱ्यांसमोर मला जी शिसारी आली नव्हती ती त्या दोन रबरांची आली. खरं सांगायचं तर रबरांची नाही. माझ्या बापाची आली.

भावाला खाली बोलावलं. तो पाठ धरत वाकला, टॉर्च मारून बघितलं.

"दुसऱ्या कुणी केलं असेल," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. ह्या गाडीला माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही, हे आम्ही दोघांनी एकाच तोंडून ऐकलेलं होतं.

टॉर्च बंद करत म्हणाला, "गाडी चालवणाऱ्याचं दार नीट लागायला हवं ना, ताई. त्याचं चुकलं तर सगळेच गेले."

"तिच्या मांडीवर मी होते," मी म्हणाले. "नंतर तू होतास."

 हातमोजे काढून मी बाहेर नदीच्या बाजूला जाऊन उभी राहिले. त्या दिवशी त्या नदीचा वासही मला चालला. भाऊ मागून आला आणि हळूच म्हणाला, "आईला नको सांगूस. प्लीज. वर्षश्राद्ध आहे."

मी हो म्हटलं. तिला सांगून काय मिळणार होतं? खांदा परत येणार नव्हता.

पुढच्या रविवारी भाऊ चार नवी रबरं घेऊन आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. जॅक लावून केबिन उचलली, चारी कोपऱ्यांत एकेक रबर घातलं आणि बोल्ट एकदम न आवळता आळीपाळीने आवळत आणले. केबिन हळूहळू सरळ बसली. डेंटरने वाकवलेलं दार परत सरळ केलं, बिजागरीमागे एक पातळ पत्ती घातली. दाराभोवतीचं रबर बसवलं. मग काच. खालचा खाल्लेला पत्रा कापून नवा जोडला, नव्या रबराच्या ओठात सुतळी घातली, साबणाचं पाणी लावलं आणि काच बाहेरून दाबत आतून सुतळी ओढत गेलो. सुतळी निघत जाते तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढत जातो. ती सुतळी मी ओढली. वरून बादलीभर पाणी ओतलं, आत थेंब आला नाही. लांबी लागली ती नखाएवढी.

मग मी आईच्या बाजूचं दार ढकललं. खट्. तोच बाबांच्या दाराचा आवाज. मला आनंद व्हायला हवा होता. एवढ्याशा रबरासाठी, एवढंच मनात येत राहिलं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं आटोपल्यावर भाऊ ट्रक घेऊन बिल्डिंगखाली आला. कुणीतरी हार घातला होता. त्याने काचेच्या रबरात उदबत्ती खोचायला काढली आणि माझ्याकडे बघून परत खिशात ठेवली. मी मधे बसले. आई वर चढली, उजव्या हाताने दांडा धरून. बसल्याबरोबर तिचा डावा हात आपोआप मुठीकडे गेला, दोरी शोधत. मग तिने दार ओढलं. लागलं. तिने परत उघडलं, परत लावलं. मान जराशी हलवली.

"काय, आई?" भाऊ म्हणाला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

"बरा लागता," आई म्हणाली.

आम्ही हायवेने येऊन आरेच्या रस्त्याला लागलो. झाडं सुरू झाली, गोठ्यांचा वास आला. उजवीकडे मोठं वळण आलं. मी आईच्या हाताकडे बघत होते. तो मांडीवर होता, मूठ वळलेली. दार जागचं हललं नाही. वळण गेलं आणि मूठ सुटली. मला वाटलं, झालं. एवढ्यासाठी केलं ते सगळं भरून पावलं.

मग आई समोर बघतच म्हणाली, "तेंच्या बाजूक दोन रबरां होती. त्यातला एक हयसर घातलंस?"

भावाने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली, मी नाही सांगितलं.

"नाही, चारी नवीन घातली. पण तुला माहीत होतं?" तो म्हणाला.

"माका नाय तर कोणाक? काढताना पाना मीच दिलंय." तिच्या आवाजात राग नव्हता. "माका म्हणाले, चार दिवस कळ काढ. नवीन गावला की घालतंय. मगे म्हणाले, ता येवचाच बंद झाला. बरेच जागी विचारल्यानी म्हणे." मग तिने विचारलं, "तुका नवीन खंय गावला?"

मी भावाच्या बरगडीत कोपर मारलं. पण तो सुटकेने इतका सैल पडला होता, आणि आईने कधी नव्हे ते ट्रकबद्दल काही विचारलं होतं, की तो भडाभडा बोलत सुटला.

"अगं त्यात काय! घाटकोपरला पहिल्याच दुकानात. पिंपं भरून ठेवलीत त्याने. मी विचारलं, हे मधे बंद झालं होतं ना? तर हसायला लागला. म्हणे, हे कधीच बंद झालेलं नाही, माझ्या वडलांपासून विकतोय."

 आपण काय बोललो ते भावाला कळलं, पण कळायला उशीर झाला होता.

आईने डावा हात खिडकीतून बाहेर काढला आणि दारावर थाप मारली. एक.

भावाचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. आम्ही दोघंही त्या थापेवर वाढलोय. ट्रक रस्त्याच्या कडेला उभा राहिला. आईने दार उघडलं आणि आधी एक पाय, मग दुसरा असं सावकाश खाली उतरली.

"आई, अगं..." भाऊ म्हणाला.

तिने वळून बघितलं नाही. दार मागे ढकललं. एका बोटाने लागलं. नव्याने बसवलेल्या स्वच्छ काचेतून ती आम्हाला दिसत होती, समोरून येणाऱ्या रिक्षाला हात करताना. उजवा हात.